सावलीच्या नावे लिहिलेल्या धावा

गुणवंत हे नाव आजोबांनी ठेवलं होतं. नातू पुढे भरपूर गुण मिळवील एवढंच त्यांच्या मनात असणार. नागोयात बसून तो दुसऱ्यांना गुण देत राहील, हे काही त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल. कंपनीत त्या नावाचा अर्धाच तुकडा चालायचा. सगळे त्याला ‘गन-सान’ म्हणत. चिंचवडच्या मित्रांनी ऐकलं असतं तर ‘बंदूक-सान’ म्हणून जन्मभर छळलं असतं. पण मित्र चिंचवडलाच राहिले होते आणि गुणवंत इथे येऊन दहा वर्षं उलटून गेली होती.

कंपनी मोटारींच्या सीट बनवायची. यंत्र बिघडायच्या आधी कुरकुरतं, आणि ती कुरकुर नीट ऐकली तर कोणतं यंत्र कधी बसणार हे आधीच सांगता येतं. असं सांगणारी एक प्रणाली गुणवंतने चार वर्षं खपून उभी केली होती. गेल्या मार्चमध्ये वार्षिक मुलाखत झाली. विभागप्रमुखांनी प्रश्न विचारले, गुणवंतने मान लववून नम्र उत्तरं दिली, प्रमुख प्रसन्न झाले. आणि एप्रिलमध्ये ती प्रणाली दुसऱ्या विभागाकडे गेली, तिच्याबरोबर टीममधले दोघे गेले, आणि गुणवंतला खिडकीजवळच्या एका टेबलावर बसवण्यात आलं. त्या टेबलाचं काम ‘इतर’ या नावाने ओळखलं जायचं.

राग आला असता तर बरं झालं असतं, असं त्याची बायको जयमाला म्हणायची. पण राग आला नाही. दाढ काढण्याआधी डॉक्टर सुई मारतो, मग आपलाच गाल दुसऱ्या कोणाचा तरी वाटायला लागतो, तसं त्याचं झालं होतं. चहा गार झाला तरी त्याला कळत नसे. नेत्रा, त्याची नऊ वर्षांची मुलगी, शाळेतलं काहीतरी भराभरा जपानीत सांगायची आणि शेवटी विचारायची, “बाबा, ऐकलंस का?” तो “हो” म्हणायचा. ऐकलेलं असायचंही. फक्त ते आत कुठे पोचत नसे.

त्या ‘इतर’ कामांत कंपनीचा फुटबॉल संघ होता.

हा फुटबॉल म्हणजे पायाने मारायचा नव्हे. अमेरिकनांचा, अंड्याच्या आकाराचा चेंडू काखेत घट्ट धरून पळायचा, डोक्याला हेल्मेट, खांद्यांना पॅड. जपानात मोठ्या कंपन्यांचे असे संघ आहेत. हा त्यातल्या खालच्या गटातला, नाव ‘हेरॉन्स’, आणि बक्षीस मिळालेली शेवटची ढाल कोणत्या साली मिळाली हे कोणी विचारू नये. गुणवंतने तो खेळ कबड्डीच्या भाषेत स्वतःला समजावून घेतला होता. चेंडू घेऊन पळणारा तो रनिंग बॅक, म्हणजे चढाईवर निघालेला गडी. फरक एवढाच, की याच्या पुढे त्याच्याच संघाचे पाच धिप्पाड गडी समोरच्यांना रेटून त्याला वाट करून देतात. त्या पाचांना लाइन म्हणायचं. बहुतेक वेळा वाट लगेच बुजते आणि पळणारा तीन-चार यार्डांवर आडवा होतो. पण कधीतरी तो फटीतून निसटतो आणि मग मागे धावणाऱ्यांच्या हाती नुसती धूळ लागते. वीस यार्डांच्या वर गेली की ती लांब धाव. सामने फिरतात ते अशा धावांवर.

हेरॉन्सचा रनिंग बॅक होता मुरासे. एकोणतीस वर्षांचा, बुटका, मांड्या मात्र खांबासारख्या. सकाळी तो गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा आणि दुपारनंतर त्याला सरावासाठी सोडायचे. गेल्या दोन हंगामांत त्याने चौदा लांब धावा काढल्या होत्या. एवढ्या त्या गटात दुसऱ्या कोणाच्या नव्हत्या.

हंगाम संपता संपता हेड कोच नीवा-सान गुणवंतच्या टेबलाशी आले. साठीकडे झुकलेला माणूस, एकेकाळी स्वतः खेळलेला, आता मान वळवायची तर अख्खं अंग वळवणारा.

“गन-सान, एक कोडं आहे,” ते म्हणाले. “कोंडो या वर्षी थांबतोय. गुडघे गेले त्याचे.”

कोंडो हा लाइनमधला सगळ्यात दांडगा गडी. मुरासे नेहमी त्याच्या पाठीमागून पळायचा.

“तर वरचे विचारतायत, त्या चौदा धावा मुरासेच्या, की कोंडोच्या? कोंडोच्या असतील तर पुढच्या वर्षी मुरासे काय कामाचा? कॉलेजातला एक मुलगा तयार आहे. जागा एकच.”

“आणि मुरासे-सानचं काय होईल?”

“त्याचा करार संघाशी बांधलेला. संघ संपला की गोदामही संपलं.” नीवा-साननी अख्खं अंग वळवून खिडकीबाहेर पाहिलं. “मला आकडा द्या.”

गुणवंतने मान डोलावली. काम सोपं नव्हतं, पण कामाचं सोपं-अवघडपण त्याला हल्ली जाणवत नसे.

मोठ्या संघांकडे खेळाडूंच्या पॅडमध्ये चिप असते, कोण कुठे किती वेगाने गेला सगळं कळतं. इथे बांबूसारख्या दिसणाऱ्या लोखंडी मचाणावर एक कॅमेरा, बस्स. अशा वेळी वापरायचा एक ढोबळ नियम आहे: पळणाऱ्याला पहिला हात लागेपर्यंतचं अंतर लाइनचं, हात लागल्यानंतरचं त्याचं स्वतःचं. पण लांब धावेत गंमत अशी, की हात लागतच नाही. म्हणजे या नियमाने सगळं श्रेय लाइनला. गुणवंतला तो नियम भोळा वाटला. दार उघडं होतं म्हणून माणूस बाहेर पडला, की त्याने स्वतः कडी काढली, हे उघड्या दाराकडे बघून कसं कळणार? ते बाहेर पडणाऱ्यालाच विचारायला हवं.

म्हणून त्याने मुरासेला विचारायचं ठरवलं. चुकलं ते इथेच. तेव्हा मात्र ती त्याला अक्कलहुशारी वाटली होती.

मुरासे सरावानंतर मीटिंग रूममध्ये आला, तो यंत्रातून काढलेले गरम कॉफीचे दोन डबे घेऊन. एक त्याने दोन्ही हातांनी गुणवंतपुढे ठेवला. गुणवंतने पहिली धाव पडद्यावर लावली आणि थांबवली.

“ही वाट कोणी केली, मुरासे-सान?”

“कोंडो-सानचं ओकागे.”

ओकागे हा शब्द जपानात दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. मूळ अर्थ सावली. तुमच्या सावलीमुळे झालं, म्हणजे आपल्याकडच्या छत्रछायेसारखं, कृपेने झाल्यासारखं.

“आणि ही?”

“हीसुद्धा. हे बघा, इथे कोंडो-सान त्यांच्या सत्त्याहत्तर नंबरवाल्याला धरून ठेवतात. त्यांनी सोडलं असतं तर मी तिथेच झोपलो असतो.”

“ही?”

मुरासेने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. “ही... वारा पाठीमागून होता त्या दिवशी.”

गुणवंतला हसू यायला हवं होतं. त्याने वाऱ्यासाठी रकाना शोधला. नव्हता.

“ओसाकाविरुद्धची ही? साठ यार्ड. इथे तर कोंडो-सान खाली पडलेले दिसतायत.”

“हो. पण ते पडले, त्यांना अडखळून दोघे पडले. तेही ओकागेच.”

एवढ्या बारकाव्याने कोणी सांगितलं की ते खरं वाटतं. नुसतं ‘ओकागे, ओकागे’ म्हणाला असता तर कदाचित गुणवंत सावध झाला असता. पण मुरासे नंबर सांगत होता, पाय कुठे होता ते दाखवत होता. गुणवंत ऐकत होता, पण कान लावून ऐकणं वेगळं. त्याची बोटं रकाने भरत होती. दोन धावांच्या वेळी मुरासेला श्रेय द्यायला कोणीच सापडेना, तेव्हा तो म्हणाला, “नशीब.” नशिबाचाही रकाना नव्हता. मग त्या दोन आणि ती वाऱ्याची एक, अशा तीन गुणवंतने मुरासेच्या नावे टाकल्या. उरलेल्या अकरा लाइनच्या.

निघताना गुणवंतने विचारलं, खरं तर विचारायला नको होतं, “जागा नाही राहिली तर काय करणार?”

“गिफूला वडिलांची लाकडाची गिरणी आहे,” मुरासे हसून म्हणाला. “तिथे बरं. पळायला लागत नाही, लाकूडच आपल्याकडे सरकत येतं.”

त्याने रिकामा डबा उचलला. गुणवंतचा डबा न उघडता तसाच गार झाला होता, त्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं, आणि दारात वाकून तो गेला.

शुक्रवारी संध्याकाळी गुणवंतने अहवाल पाठवला. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचून व्याकरण तपासलं होतं: सरासरी लाइनच्या मागे हा खेळाडू सरासरीच धावेल. व्याकरण अचूक होतं.

शनिवारी सकाळी तिघं बाजाराला निघाले. आठवडाभर नेत्रा तापाने अंथरुणात होती, आता टुणटुणीत झाली होती. लिफ्टसमोर शेजारच्या हात्तोरी-सान भेटल्या, हातात प्रवासाची बॅग. सत्तरीच्या बाई, मुलीकडे राहून नुकत्याच परतत होत्या.

“नेत्रा-चानला ताप होता म्हणे? आत्ता खाली मॅनेजरनी सांगितलं. कशी आहे?”

“ओकागेसामादे, तुमच्या कृपेने अगदी बरी आहे,” जयमाला वाकून म्हणाली. हात्तोरी-सानही वाकल्या. लिफ्टचं दार बंद झालं.

“त्यांनी काही आणून दिलं होतं का?” गुणवंतने विचारलं.

“कोणी?”

“हात्तोरी-साननी. ताप होता तेव्हा.”

“त्या इथे होत्या कुठे? आत्ता तर कळलं त्यांना.”

“मग ओकागे कसलं?”

जयमालाने त्याच्याकडे पाहिलं, मग नेत्राकडे. “अरे, म्हणायचं असतं ते.”

“जोशिकी,” नेत्रा म्हणाली. म्हणजे, एवढं तर सगळ्यांना माहीत असतं.

“तुझ्या आईंना फोनवर कोणीही विचारू दे, कशा आहात,” जयमाला म्हणाली. “‘तुमच्या आशीर्वादाने बरी आहे.’ खालच्या मजल्यावरच्या कश्मिराला तेच, गॅसवाल्याला तेच. गोळ्या मात्र डॉक्टरांच्याच घेतात ना? का गॅसवाल्याच्या आशीर्वादावर ब्लडप्रेशर उतरतं?”

नेत्रा खुदकन हसली. गुणवंत लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होता.

“आणि तू रे?” जयमालाचा आवाज जरा खाली आला. “मार्चमध्ये त्या मुलाखतीत काय म्हणून आलास? हे काम कोणाचं, असं विचारलं त्यांनी, तर?”

“सगळ्यांचं ओकागे, म्हटलं.”

“हं. आणि त्यांनी ते खरं धरलं.”

“त्यांना सोयीचं होतं.”

“आणि तुला नव्हतं?”

लिफ्ट तळमजल्यावर थांबली. गुणवंतला आतून काहीतरी व्हायला हवं होतं. तसं काही झालं नाही. फक्त अकरा हा आकडा डोळ्यांसमोर आला आणि तो आकडा नसून अकरा वेळा वाकलेली एक मान आहे, एवढं त्याला स्वच्छ दिसलं.

“तुम्ही व्हा पुढे,” तो म्हणाला. “मी ग्राउंडवर जाऊन येतो.”

“भाजीची पिशवी तरी दे,” जयमाला म्हणाली.

शोनाई नदीच्या काठी संघाचं मैदान होतं, त्याच्या कडेला पत्र्याची खोली. वर्ष संपायच्या आत जपानात घरं, ऑफिसं, सगळं घासूनपुसून काढतात, तशी त्या खोलीची सफाई चालली होती. मुरासे नव्हता, गिफूला गेला होता. कोंडो-सान एका टबात खांद्यांचे पॅड बुडवून धूत बसले होते. तो टब त्यांच्यापुढे कटोरीएवढा दिसत होता. गुणवंतने सायकल लावली, टॅब्लेट काढला आणि सरळ विचारलं, “कोंडो-सान, या चौदा धावा कोणाच्या?”

“मुरासेचं ओकागे,” कोंडो-सान ब्रश न थांबवता म्हणाले. “तो पळतो म्हणून आमचा वेळ बरा जातो. मी काय, नुसता जाडा आहे.”

“तो म्हणतो तुमचं ओकागे.”

“म्हणेलच. चांगल्या घरचा मुलगा आहे.”

गुणवंत पायरीवर बसला. दोघांनी एकमेकांच्या नावे सगळं लिहून दिलं होतं, मधे चौदा धावा बेवारस. त्याने जरा विचार केला. मार्चपासून पहिल्यांदाच तो खरोखरीचा विचार करत होता, पण हे त्याच्या ध्यानात आलं नाही. यंत्राला कोणी ‘तुला बरं नाहीये का’ असं विचारत नाही. त्याचा आवाज ऐकायचा आणि तो कसा असायला हवा होता त्याच्याशी ताडून बघायचा. प्रश्नच चुकला होता. ‘हे कोणी केलं’ या प्रश्नाला इथे काय आणि चिंचवडला काय, भल्या माणसाकडून एकच उत्तर येणार. पण ‘ठरलं काय होतं’ या प्रश्नात नम्रपणा दाखवायला जागाच नाही.

“बरं, ते राहू दे,” तो म्हणाला. “या धावेत बॉल कुठून न्यायचं ठरलं होतं? तुमच्या डावीकडून की उजवीकडून?”

“उजवीकडून,” कोंडो-सान चटकन म्हणाले. “मी समोरच्याला डावीकडे रेटायचं, मुरासेने उजवीकडून जायचं.”

गुणवंतने चित्र पुढे सरकवलं. मुरासे उजवीकडे दोन पावलं गेला, तिथे भिंत उभी होती, आणि मग तो कोंडो-सानच्या पाठीला जवळजवळ घासून पार दुसऱ्या टोकाने निघाला.

कोंडो-सानचा ब्रश थांबला. “हा इथून गेला?”

“तुम्ही पाहिलं नव्हतं?”

“मी कसा बघणार? तो माझ्या पाठीमागे असतो. सामन्यात मी त्याची एकही धाव पाहिलेली नाही. लोक ओरडले की कळतं, गेला म्हणून. फिल्म दाखवतात तेव्हा आमच्या कोचचा डोळा आमच्या पायांवर. आम्हीही आमचेच पाय बघतो.” त्यांनी ओले हात पँटला पुसले. “पुढची लावा.”

दोघं पायरीवर बसून चौदाही धावा बघत गेले. धाव सुरू व्हायच्या आधी गुणवंत चित्र थांबवायचा, कोंडो-सान ठरलेली वाट सांगायचे, मग चित्र चालायचं. पाच धावा ठरल्या वाटेने गेल्या. तिथे कोंडो-साननी समोरच्याला असं काही बाजूला केलं होतं, की गुणवंतची आई चेंडू घेऊन गेली असती तरी गेली असती. उरलेल्या नऊ वेळा ठरली वाट बुजलेली होती आणि मुरासेने दुसरी काढली होती. ओसाकाच्या धावेत तर कोंडो-सान खाली पडलेले, आणि त्यांना अडखळून पडणारे दोघे पडले ते मुरासे पलीकडे निघून गेल्यानंतर.

“मी पडलोय की,” कोंडो-सान म्हणाले. “आणि तुम्हाला काय म्हणाला तो?”

“तुमच्यावर अडखळून दोघे पडले, म्हणून.”

कोंडो-सान हसायला लागले. हसता हसता त्यांनी एक ओला पॅड डोक्यावर ठेवला. मग तो काढला आणि पुन्हा ओसाकाची धाव लावायला सांगितली. या वेळी ते हसले नाहीत.

रविवारी गुणवंतने नवा अहवाल लिहिला. नऊ धावा पूर्णपणे मुरासेच्या, असं त्याने लिहिलं नाही. कोंडो-साननी धरून ठेवलेला माणूस मोकळा असता तर त्यातल्या काही अर्ध्यावरच संपल्या असत्या, हेही खरं होतं, तेही लिहिलं. शेवटचं वाक्य मात्र बदललं: लाइनने वाट दिली नाही, तरी हा खेळाडू ती शोधतो. आधारावर चालणारा आणि आधार नसला तरी चालणारा यांत जो फरक असतो, तो इथे नऊ वेळा दिसतो.

सोमवारी तो नीवा-सानच्या टेबलापुढे उभा राहिला. नीवा-साननी दोन्ही अहवाल शेजारी शेजारी ठेवून वाचले.

“पुढच्या वर्षाची यादी शुक्रवारीच वर गेली, गन-सान. तुमचं आलं, मी शिक्का मारला, पाठवली.”

“पहिला अहवाल चुकीचा आहे.”

“तुम्ही मुरासेला विचारलंत? तोंडावर? धाव कोणाची म्हणून?”

“हो.”

नीवा-साननी डोळे मिटले. “माझ्या लग्नाला तीस वर्षं होतील. पाहुणे आले की बायको आठ पदार्थ मांडते आणि म्हणते, ‘काहीच नाही हो, पण घ्या.’ मी आजवर तिचं ऐकून उपाशी उठलेलो नाही.” मग ते उठले. “चला. दोघं जाऊ.”

वर, संघाचं काम बघणारे अधिकारी होते. त्यांनी दोघांना बसवलं, कागद चाळले आणि शांतपणे विचारलं, “म्हणजे चूक कोणाची झाली?”

“माझी,” गुणवंत म्हणाला.

दहा वर्षांत या इमारतीत त्याने कोणत्याही कामापुढे ‘माझं’ हा शब्द लावला नव्हता. आता तो लावला तर कोणाला खटकलाही नाही. अधिकाऱ्यांनी तो लिहून घेतला. मग ते म्हणाले की अहवाल नोंदीत ठेवतील; पण कॉलेजच्या मुलाला होकार कळवून झाला आहे, त्याच्या घरीही कळवलं आहे, आता दिलेला शब्द फिरवणं बरं दिसणार नाही. नीवा-सान वाकले. गुणवंतही वाकला. जिन्याने उतरताना नीवा-साननी कठडा घट्ट धरला होता.

“मला दिसत होतं ते,” शेवटच्या पायरीवर ते म्हणाले. “त्याच्या धावा त्याच्याच आहेत, हे मला दिसत होतं. पण माझ्या दिसण्याला वर कोण विचारतो? म्हणून तुमच्याकडे आलो.”

गुणवंत आपल्या खिडकीपाशी जाऊन बसला. त्याने ‘इतर’मधलं पुढचं काम उघडलं. कॅन्टीनच्या रांगेचं होतं.

सुटी लागायच्या आदल्या दिवशी मुरासे आपलं सामान परत करायला पत्र्याच्या खोलीवर आला. गुणवंत आधीच तिथे उभा होता. या वेळी कॉफीचे दोन डबे त्याच्या हातात होते. एक त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

“नीवा-साननी सांगितलं मला,” मुरासे म्हणाला. “तुम्ही वर गेला होता. उगाच त्रास दिला तुम्हाला.”

“चौदांपैकी नऊ तुमच्या आहेत,” गुणवंत म्हणाला. “ठरली वाट बंद होती. दुसरी तुम्ही काढलीत.”

मुरासेने मान लववली. “कोंडो-सानचं ओकागे.”

“नाही.”

जपानीत समोरच्या माणसाला असं तोडून ‘नाही’ म्हणत नाहीत. निदान आधी ‘तसं नाही, पण’ अशी एखादी गादी तरी घालतात. गुणवंतने गादी घातली नाही. मुरासेची मान अर्ध्यावरच थांबली. त्याच्या काखेत हेल्मेट होतं, अगदी चेंडू धरतात तसं. तो हेल्मेटच्या कानाच्या भोकात अंगठा फिरवत राहिला. मग त्याने आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं.

“ओसाकाची,” तो हळूच म्हणाला. “ती माझी होती. त्यांचे दोघे माझ्या उजवीकडे झुकले, ते मला आधीच दिसलं. बॉल हातात यायच्या आधी.”

“कसं दिसलं?”

“त्यांच्या टाचा उचलल्या होत्या.”

त्याने हेल्मेट फळीवर ठेवलं, कॉफीचा डबा त्याच्या शेजारी ठेवला, आणि गोदामातल्या जड बुटांनी खडीवर तीन पावलं टाकून दाखवली: दोन उजवीकडे, हळू, जणू तिकडेच जायचंय अशी, आणि तिसरं एकदम डावीकडे. खडी उडाली. मग तो तिथेच थांबला, जरा ओशाळून हसला आणि डबा घ्यायला वळला.

“परत दाखवा,” गुणवंत म्हणाला.